चाकावरचा संसार : टेम्पोला दुकान समजा, घर समजू नका

बीड जिल्ह्याला चाकावरचा संसार नवा नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांचे ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. त्यांत भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या-कोंबड्या आणि लेकरे दाटीवाटीने बसलेली असतात. हे दृश्य आपण सारेच दरवर्षी पाहतो. परंतु आठवडी बाजार आणि जत्रा-उरूस करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचाही संसार वर्षाचे कित्येक दिवस असाच चाकावर चालतो, त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

बांगड्यांचे, कटलरीचे, खेळण्यांचे, अत्तराचे, तयार कपड्यांचे व्यापारी, गाडीवरच पिंजणयंत्र बसवून गावोगाव गाद्या भरून देणारे पिंजारी, भांड्यांना कल्हई करणारे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, असे अनेक जण आज टेम्पोवर धंदा करतात. नेकनूरच्या बाजारापासून परळीच्या महाशिवरात्रीपर्यंत, बीडच्या शहेनशाहवलींच्या उरुसापासून खुलताबादच्या उरुसापर्यंत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेपर्यंत त्यांचा फेरा असतो. बीड शहरात रेल्वे आली ती 2025 साली. तोवर आणि आजही इथला किरकोळ व्यापार रस्त्यावरूनच चालत आला आहे. पूर्वी बैलगाडी होती, मग एस. टी.च्या टपावर गाठोडी चढू लागली, पुढे मॅटॅडोर आली. 2005 साली टाटांची ‘एस’ गाडी बाजारात आली, लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले आणि लहान व्यापाऱ्यालाही स्वतःची गाडी घेणे जमू लागले.

‘टेम्पो’ हा शब्दही आपण इतका आपलासा केला आहे की तो जर्मनीतील हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव होता, हे आता कोणाच्या ध्यानातही नाही. त्या कारखान्याच्या सहकार्याने 1958 साली पुण्याची बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि प्रत्येक लहान मालगाडीला आपण टेम्पो म्हणू लागलो.

गाडी आली, धंदा वाढला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गाडीबरोबर एक नवी सवयही आली, ती म्हणजे गाडीतच बिऱ्हाड थाटण्याची. हौद्यात फळी ठोकून वर झोपायचे, खाली माल ठेवायचा, मागच्या फाळक्याजवळ गॅसची शेगडी मांडायची आणि बायका-मुलांसह महिनाभर फिरायचे. परदेशांत ज्याला मोटारहोम म्हणतात ते आपल्याकडे अशा रीतीने गरजेपोटी तयार झाले. परदेशातले मोटारहोम हे हौसेचे वाहन असते, ते कारखान्यात घर म्हणूनच बांधले जाते. आपला टेम्पो मात्र माल वाहण्यासाठी बांधलेला असतो. हा फरक विसरल्यामुळे काय नुकसान होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

वजनाचा हिशेब

पहिला प्रश्न वजनाचा. छोट्या टेम्पोची माल वाहण्याची क्षमता साधारण पाऊण टन, म्हणजे 750 किलो असते. आता बिऱ्हाडाचा हिशेब मांडून पाहू. पाण्याचा 200 लिटरचा ड्रम भरला की पाण्याचेच 200 किलो झाले. घरगुती सिलिंडरमधील गॅस 14.2 किलो आणि टाकीचे वजन मिळून 30 किलोच्या आसपास. अंथरूण-पांघरूण, भांडी, पेट्या, किराणा यांचे 120 किलो धरा. पालाचे लोखंडी पाइप, बांबू, ताडपत्री यांचे 80 किलो. मागे तीन माणसे बसली तर त्यांचे 170 किलो. बेरीज 600 किलो होते. म्हणजे मालासाठी उरले अवघे 150 किलो! एवढ्या मालावर कोणाची जत्रा निघणार? मग माल तर आपण नेहमीइतकाच भरतो आणि गाडी क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त वजन घेऊन धावते.

या जादा वजनाची किंमत आपण रोज थोडी थोडी मोजत असतो. पाटे बसतात, टायर मध्येच फुटतात, क्लच लवकर जातो, डिझेल जास्त लागते. घाटात तर जिवाशीच गाठ असते. धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना जादा भरलेली गाडी ब्रेकवर धरून ठेवली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ब्रेक लागेल तेव्हाच दाबावा आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडू नये. हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

पाणी भरून नेण्याऐवजी मुक्कामाच्या गावी घ्यावे. प्रवासात पिण्यापुरते 20-40 लिटर पुरे. पाण्यासाठी तेलाचा, रंगाचा किंवा औषधाचा जुना ड्रम कदापि वापरू नये, तो कितीही धुतला तरी त्याचा अंश राहतो. पंधरवड्यातून एकदा ड्रम घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन वाळवावा.

आग आणि धूर

दुसरा प्रश्न आगीचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. आपल्या टेम्पोचा हौदा तिन्ही बाजूंनी बंद, वरून ताडपत्री, त्यामुळे गळलेला गॅस झोपणाऱ्याच्या फळीखालीच भरून राहतो. सकाळी चहासाठी काडी ओढली की काय होईल ते सांगायला नको. त्यात माल कोणता? गादीचा कापूस, प्लास्टिकची खेळणी, कपडे, अत्तर आणि स्प्रे. सारेच पेट घेणारे.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की गाडीच्या आत शेगडी पेटवूच नये. स्वयंपाक गाडीपासून आठ-दहा हात दूर, उघड्यावर, वाऱ्याला आडोसा करून करावा. मोठ्या सिलिंडरऐवजी 5 किलोचा लहान सिलिंडर घ्यावा. तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, दुसऱ्या सिलिंडरमधून भरून घेऊ नये. नळी आय. एस. आय. शिक्क्याची असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलावी. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, प्रवासात रेग्युलेटर काढून टोपी लावावी. साबणाचा फेस नळीच्या जोडावर लावून पाहिला की गळती लगेच कळते.

थंडीच्या रात्री, विशेषतः माळेगावच्या यात्रेत, काही जण ताडपत्री बांधून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जनरेटर आणि चालू इंजिनाचेही तेच. गाडी बंद असल्याशिवाय आत झोपू नये आणि जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला लांब ठेवावा.

पिंजारी बांधवांनी आणखी एक काळजी घ्यावी. कापसाचे तंतू सायलेन्सरवर आणि इंजिनाभोवती बसतात आणि तापून पेटतात. काम संपले की रोज ब्रशने ते झाडावेत, एअर फिल्टर उघडून साफ करावा. ज्या गाडीवर पिंजण होते त्या गाडीत पेट्रोलचा कॅन आणि झोपण्याची जागा दोन्ही असू नयेत. प्रत्येक गाडीत ए. बी. सी. पावडरचा अग्निशामक नळा हवा. तो मालाखाली न दाबता हाताशी येईल असा ठेवावा आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते महिन्यातून एकदा पाहावे.

कागद आणि विमा

तिसरा प्रश्न कागदांचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत गंभीर. बांधव म्हणतात, ‘विमा आहे ना, मग काळजी कशाला?’ पण विमा कशाचा आहे हे पॉलिसी उघडून कोणी वाचत नाही.

मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला संरक्षण आहे. 1994 च्या दुरुस्तीने ते मिळाले. परंतु मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी प्रकरणात सांगितले. म्हणजे मागे फळीवर बसलेली बायको, आई, भाची, शेजारचा मुलगा यांना काही झाले तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. ज्या कुटुंबाने आपले माणूस गमावले त्याच कुटुंबाने धंदाही गमवावा, अशी ही वेळ असते.

गाडीच्या विम्यात आतील माल येत नाही, त्याचा विमा निराळा घ्यावा लागतो. स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्यात वारसाचे नाव लिहिले आहे की नाही ते आजच पाहावे. वाहन परवाना चालू नसेल तर हे संरक्षणही हातचे जाते. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची वाहतूक गाडी साध्या एल. एम. व्ही. परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले आहे. त्यामुळे लहान टेम्पोवाल्यांनी या बाबतीत कोणा दलालाच्या भूलथापांना बळी पडू नये. तसेच एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे परमिटाची गरज नाही. पासिंग मात्र सर्वांना आहे. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दर वर्षी. पासिंग चुकलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते निमित्त मिळते.

गाडीत पक्की खोली, दार, खिडकी, पलंग बसवण्याचा मोह अनेकांना होतो. कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या कागदात जे आहे त्याहून निराळी गाडी बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. काढता-घालता येणारे फळ्यांचे कप्पे, पेट्या, ताडपत्री ही एक गोष्ट झाली, पण छत कापून वेल्डिंगने खोली उभी करणे ही निराळी. ज्याला खरोखरच राहण्याची गाडी हवी आहे त्याने ती रीतसर कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदवावी. अशा गाड्यांसाठी ए. आय. एस.-124 हे मानक ठरलेले आहे. मान्यता असलेल्या कारखान्याकडून काम करून घ्यावे आणि त्याचे कागद बीडच्या किंवा अंबाजोगाईच्या आर. टी. ओ. कार्यालयात नोंदवून मगच गाडी रस्त्यावर आणावी. हे खर्चाचे आहे, ते सर्वांना परवडणार नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की टेम्पोला दुकान समजा, घर समजू नका.

बॅटरी, टायर आणि गाडी उभी असतानाची निगा

रात्री मुक्कामाला दिवे आणि पंखा लागतोच. बहुतेक जण तो इंजिनाच्या बॅटरीवर लावतात आणि सकाळी गाडीला धक्का मारतात. इंजिनाची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर थोडा थोडा देण्यासाठी नाही. दिव्यांसाठी निराळी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी. हिशेब सोपा आहे. 9 वॅटचे तीन एल. ई. डी. दिवे पाच तास म्हणजे 135 युनिटचा हजारावा भाग, ज्याला वॅट-अवर म्हणतात. 25 वॅटचा लहान पंखा आठ तास म्हणजे 200. एकूण 335. बारा व्होल्टची 100 अँपिअर-अवरची बॅटरी 1,200 देते, पण निम्म्याहून जास्त ओढली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे एक रात्र सुखाने जाते आणि थोडी शिल्लकही राहते. टपावर 100 वॅटचे सोलर पॅनेल लावले तर आपल्या मराठवाड्याच्या उन्हात दिवसभरात ती तूट भरून निघते. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, बोअरचे पाणी नव्हे. प्रत्येक तारेला फ्यूज असावा.

टायरची हवा थंड टायरमध्ये, आठवड्यातून एकदा तपासावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर जातो, म्हणून हवा कमी ठेवण्याची चाल आहे. ती चुकीची आहे. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. स्टेपनीचीही हवा पाहावी.

रमजान महिन्यात आणि भर पावसाळ्यात अनेकांच्या गाड्या दारात उभ्या असतात. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. तेव्हा हौदा रिकामा करून झाडावा, धान्याचा किंवा खाऊचा कण राहू देऊ नये, नाहीतर उंदीर येतात आणि तारा कुरतडतात. बॅटरीची वायर काढून ठेवावी. पंधरा दिवसांनी गाडी सुरू करून चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ब्रेक धरत नाहीत आणि टायरला एकाच जागी खड्डा पडत नाही. पावसाआधी हौद्याच्या तळाचा गंज खरवडून रंग द्यावा. ताडपत्रीची भोके उन्हातच शिवून घ्यावीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलावे आणि पाट्यांना, जोडांना ग्रीस नेमाने द्यावे. एकच जाणता मिस्त्री धरावा आणि कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला काय बदलले, याची लहान वही गाडीत ठेवावी. गाडी विकायच्या वेळी हीच वही दोन पैसे जास्त मिळवून देते.

पैशाची वहीही निराळी असावी. आपण डिझेल मोजतो, झीज मोजत नाही. समजा चार टायर 20,000 रुपयांचे आणि ते 40,000 किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे 50 पैसे टायरचेच झाले. त्यात ऑइल, बॅटरी, विमा, पासिंग आणि पुढच्या गाडीसाठीची शिल्लक मिळवा. प्रत्येक बाजारानंतर किती किलोमीटर झाले ते पाहून तेवढी रक्कम बाजूला काढावी. जो बाजार हा खर्च काढूनही काही देतो तोच फायद्याचा बाजार समजावा. लांबच्या जत्रेत गल्ला भरलेला दिसतो, पण झीज वजा केली तर जवळच्या दोन बाजारांत जास्त उरलेले असते.

मुक्कामाचे काय?

यावर बांधव विचारतील, ‘गाडीत राहायचे नाही तर राहायचे कुठे? खोलीचे भाडे परवडते का?’ प्रश्न रास्त आहे. आमची सूचना अशी की दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून जत्रेच्या गावी एक खोली घ्यावी. बायकांनी, मुलांनी तिथे राहावे. आधी अंगावर पडणारा तो खर्च तिघांत वाटला की हलका होतो. मालाच्या राखणीला गाडीजवळ एक-दोन पुरुष माणसे झोपावीत, तीही गाडीखाली नव्हे आणि आतून कडी लावूनही नव्हे. बाजार एका दिवसाचा असेल तर रात्री घरी परतावे. शाळेत जाणाऱ्या मुलांना आजी-आजोबांपाशी ठेवावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे काढली गेली, ती याच कारणाने. वर्गात चार महिने न दिसलेले मूल पुढच्या वर्षी शाळेत परत येईलच असे नाही.

पण सारा भार व्यापाऱ्यावरच टाकणे न्यायाचे नाही. आठवडी बाजारात आणि जत्रेत आपण जागेची पावती फाडतो. त्या पावतीच्या बदल्यात काय मिळते? दोन बांबू ठोकण्याची जमीन. रात्री दिवा नाही, पिण्याचे पाणी नाही, बाईमाणसाला शौचालय नाही. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पर्यटकांच्या गाड्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे असलेल्या जागा असाव्यात, असा त्यातील विचार आहे. विचार चांगलाच आहे. मग जो माणूस हौसेने नव्हे, तर पोटासाठी गाडीत रात्र काढतो त्याला एक नळ, एक दिवा आणि एक कुलूप लागणारे शौचालय का मिळू नये? मोठा बाजार भरणाऱ्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी पट्टीच्या उत्पन्नातूनच एवढी सोय केली तर तिजोरीवर वेगळा बोजा पडणार नाही. व्यापारी जास्त दिवस थांबेल, गावच्या हॉटेलात खाईल, गावातून किराणा घेईल.

ही मागणी एकट्याने करून चालणार नाही. एकाच बाजारात बसणाऱ्या सर्व व्यापाऱ्यांनी, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत, एका अर्जावर सह्या कराव्यात, सोबत वर्षभराच्या पावत्यांच्या प्रती जोडाव्यात आणि अर्ज ग्रामसभेपुढे ठेवावा. पावत्या जपून ठेवण्याची सवय म्हणूनच आतापासून लावून घ्यावी. बाजाराच्या पट्टीचा लिलाव होण्यापूर्वी अर्ज गेला तर त्याचा उपयोग होतो, लिलाव झाल्यावर वर्ष वाया जाते.

तोवर निदान एवढे करावे : पॉलिसी काढून वाचावी, गाडीतली शेगडी बाहेर आणावी आणि पुढच्या जत्रेला निघताना मागच्या हौद्यात फक्त माल असावा.